गोठ्यात जाशील तेव्हा

अगं, परवा फोनवर तू विचारलंस ना, की लग्नं, मुंजी, बारशी आता तुला जमतात, पण लोक घरच्या कुत्र्यासकट, गाई-म्हशींसकट फोटो काढायला बोलावू लागलेत, तिथं काय करायचं? ते दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

मला जे मनापासून वाटतं ते आधी सांगून टाकते, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. जनावराचा फोटो काढताना त्याच्यावर आपलं काही चढवायचं नाही. टोपी आणि गॉगल तर नाहीच, पण आपल्या मनातल्या भावनासुद्धा नाहीत. ते जसं आहे, ज्या वेळी ज्याच्याजवळ आपणहून जाऊन उभं राहतं, तेवढंच घ्यायचं. माणूस 'नको' म्हणू शकतो, तोंड फिरवू शकतो, उठून आत जाऊ शकतो. दाव्याला बांधलेल्या जनावराला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्या वतीनं 'आता पुरे' म्हणायचं काम कॅमेरा धरणाऱ्या बाईचं आहे, हे पक्कं लक्षात ठेव.

हे शिकायला माधवनगरसारखं गाव नाही, असं मला खरंच वाटतं. एका अंगाला सांगली, दुसऱ्या अंगाला तासगाव रस्त्यानं बुधगाव, कवलापूर. पेठेतल्या घरात सोफ्यावर झोपणारा लॅब्रॅडॉर आहे, आणि जरा बाहेर पडलं की म्हशींचे गोठे. दिवाळीनंतर वसंतदादा कारखान्याच्या बाजूच्या रस्त्यांवर ऊसतोडीच्या बैलगाड्या दिसतात, आणि पिकं निघाली की मोकळ्या रानात धनगरांचा वाडा उतरतो. माणूस आणि जनावर एकत्र राहण्याच्या जेवढ्या तऱ्हा बघायच्या तेवढ्या सायकलवरच्या अंतरात बघून होतात.

आणि एक निरीक्षण सांगते. आपल्याकडच्या घरांत भिंतीवरचा आजोबांचा फोटो बघ. बहुतेकदा तो कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला असतो, नाहीतर ओळखपत्राचा असतो. ज्या बैलजोडीच्या मागं त्यांचा सगळा जन्म गेला, ती जोडी त्या चौकटीत नसते. स्टुडिओत पडद्यापुढं बैल नेता येत नव्हता, आणि शेतावर फोटोग्राफर येत नव्हता. आता कॅमेरा शेतावर जाऊ शकतो. म्हणून तुला येणारी ही बोलावणी मला फार मोलाची वाटतात. 'हौसेमौजेची कामं' म्हणून त्यांना दुय्यम धरू नकोस.

आता गोठ्यात कसं जायचं ते सांगते. पहिल्या खेपेला कॅमेरा पिशवीतच राहू दे. गाई-म्हशींच्या डोळ्यांतली बाहुली आडवी असते, त्यांना जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. फक्त पाठीमागची एक पट्टी आणि अगदी नाकापुढची थोडी जागा दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही, थेट तोंडासमोरही जायचं नाही. खांद्याच्या बाजूनं, तिला दिसत राहशील अशी, हळूहळू जा. मालकिणीशी बोलत जा, म्हणजे तुझा आवाज ओळखीच्या आवाजाबरोबर तिच्या कानावर पडेल. टेंपल ग्रँडिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी गुराढोरांच्या वागण्याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला फार उपयोगी पडते. प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारं अंगण असतं. परका माणूस त्याच्या आत आला की ते मागं सरकतं, बाहेर थांबला की मान वळवून त्याच्याकडं बघतं. त्या अंगणाच्या उंबऱ्यावर थांबायला शीक. कान बघ. दोन्ही कान तुझ्याकडं रोखलेले असतील तर तिला अजून तुझी खात्री नाही. रवंथ सुरू झालं आणि कान सैल पडले की समज, तिनं तुला तिथं राहू दिलंय.

धार काढतानाचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो, आणि तो सुंदरच असतो. पण पहिल्याच दिवशी त्या वेळी जाऊ नकोस. परकं माणूस दिसलं, कॅमेऱ्याचा आवाज झाला की म्हैस बिचकते आणि पान्हा चोरते. तो फोटो तुला मिळतो आणि त्या घराच्या डेअरीच्या खात्यातलं दूध कमी होतं. ओळख झाल्यावर, घरच्या बाईनं 'आता या' म्हटल्यावर जा आणि दारात बस. गोठ्याला बहुधा एकच दार असतं आणि उजेड तिथूनच येतो. त्या उजेडाच्या कडेला बसलीस की बाईचा गाल, म्हशीची कास आणि चरवी यांच्यावर एका बाजूनं मऊ उजेड पडतो. फ्लॅश कधीच मारू नकोस. गुरांच्या, कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागं एक चकचकीत थर असतो, अंधारात त्यांना दिसावं म्हणून. फ्लॅशचा उजेड त्यावरून परत फिरतो आणि डोळे हिरवे-पिवळे पेटल्यासारखे येतात, शिवाय जनावर दचकतं ते वेगळंच. तुझी ती ५० एमएमची स्वस्तातली लेन्स इथं सोनं आहे. आयएसओ ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नकोस. फोटोत थोडे दाणे दिसले तर दिसू देत.

काळ्या म्हशीनं चौकट भरली की कॅमेरा फसतो. त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो सगळं उजळ करून ठेवतो. म्हैस राखाडी होते आणि शेजारी उभ्या असलेल्या आजोबांचं धोतर पांढरं फटक पडतं. तिथं एक स्टॉप कमी कर. पांढरा खिलार बैल उन्हात उभा असला की उलट होतं, तिथं थोडं वाढव. आणि कृपा करून कानातला पिवळा बिल्ला एडिटिंगमध्ये पुसत जाऊ नकोस. त्यावरचा बारा आकडी नंबर ही त्या जनावराची सरकारदरबारची ओळख असते. पूर, वीज, साथ असं काही झालं आणि पंचनाम्याची वेळ आली, तर मालक, जनावर आणि बिल्ला एकत्र दिसणारा फोटो त्या घराला उपयोगी पडू शकतो.

अजून एक. एका गोठ्यातून थेट दुसऱ्या गोठ्यात जाऊ नकोस. लाळ्या-खुरकूत चपलांच्या तळव्यांवरूनसुद्धा पसरतो. चपला धू, हात धू, शक्यतो त्या दिवशी दुसरीकडं जाऊच नकोस. लम्पीच्या साथीत लोकांनी किती जनावरं डोळ्यांदेखत गमावली ते तू बघितलंयस. तो आजार मुख्यतः माश्या-डासांनी पसरतो, पण शेतकऱ्याच्या मनातली भीती आपण ओळखायला हवी. त्यानं 'आत्ता नको' म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

आता बेंदराचं, म्हणजे बैलांच्या सणाचं बोलते, कारण सगळ्यात जास्त बोलावणी तुला तेव्हाच येणार. आपल्या भागात काही गावांत ज्येष्ठातला कर्नाटकी बेंदूर, तर काही गावांत आषाढातला महाराष्ट्री बेंदूर, त्यामुळे तारीख गृहीत धरू नकोस, त्या घरी विचार. बेंदराच्या दिवशी रंगवलेली शिंगं, झूल, गोंडे, घुंगुरमाळा, मिरवणूक हे सगळे काढतात. तूही काढ. पण मला विचारशील तर खरा फोटो आदल्या संध्याकाळचा असतो, खांदमळणीचा. ज्या खांद्यानं वर्षभर जू ओढलं, तिथली कातडी घट्टे पडून जाड झालेली असते. मालक तिथं हळद-तूप चोळतो. त्या वेळी तो बोलत नसतो आणि बैलही मान खाली घालून उभा असतो. चेहऱ्यांच्या मागं लागू नकोस, हात आणि खांदा बघ. त्या माणसाचे हातही तसेच घट्टे पडलेले असतात. दोन्ही एका चौकटीत आले की फोटोखाली काही लिहावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी घरची बाई बैलांच्या पायावर पाणी घालते, ओवाळते, पुरणपोळीचा घास भरवते. तिच्या बाजूला उभी राहा, तिच्यासमोर नको. समोर कॅमेरा दिसला की ती पदर सारखा करते, हसते आणि बैलाकडं बघायचं विसरते. आणि मिरवणूक, कर तोडणं सगळं आटोपल्यावर लगेच गाडीला किक मारू नकोस. झूल उतरवताना पोरं बैलाच्या गळ्यात पडतात, त्यात कुणी दाखवायला म्हणून काही करत नसतं.

जोडी विकायची वेळ येते तेव्हाही लोक आता बोलावतात. दहा वर्षांपूर्वी कुणी बोलावलं नसतं. ट्रॅक्टर आला, पोरं नोकरीला लागली, वैरणीचा खर्च झेपेना, कारणं घरोघरची. मिरजेच्या, सांगोल्याच्या बाजाराला निघायच्या आधीच्या त्या दोन-चार दिवसांत जा, बाजाराच्या सकाळी नको. त्या सकाळी माणूस आतून तुटलेला असतो आणि वरून हिशेबी दिसायची धडपड करत असतो. त्याला तसं पकडणं मला बरं वाटत नाही. आधीच्या दिवसांत त्याच्याबरोबर पाणवठ्यावर जा, वैरण टाकताना बस. बऱ्याच घरांत जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, काढून ठेवतात. ते दावं कुठल्या खुंटीला टांगतात ते विचार आणि नंतर कधीतरी त्याचाही एक फोटो काढून दे. मागितला नसला तरी दे.

धनगरांच्या वाड्यावर जाशील तर पहाटे जा. आटपाडी, जतकडची ही माणसं मेंढरं घेऊन खाली येतात, शेतकरी खतासाठी त्यांना रानात बसवून घेतात. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी तू एकदा नीट बघ, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. रात्रभर वाघरीत वेगळी ठेवलेली कोकरं सकाळी आयांकडं सोडतात. सगळा कळप एकदम ओरडायला लागतो, आणि त्या गोंधळात प्रत्येक कोकरू आपली आई हुडकतं. थोडा वेळच चालतं हे. बायका चुकलेल्या कोकराला काखेत घेऊन त्याच्या आईपाशी पोचवतात, आणि त्यांचं स्वतःचं मूल तिथंच पालाजवळ झोळीत झोपलेलं असतं. तू खाली बस, गुडघ्यावर. एलियट अर्विट नावाच्या फोटोग्राफरचा १९७४ सालचा न्यूयॉर्कमधला एक फोटो आहे. एक इवलासा चिवावा कुत्रा, शेजारी त्याच्या मालकिणीचे बूट आणि पलीकडं ग्रेट डेनचे नुसते पाय. कॅमेरा त्या लहान कुत्र्याच्या उंचीवर नेला म्हणून तो फोटो झाला. कोकराच्या उंचीवरून बघितलंस की धनगरीण किती मोठी आणि किती आधाराची दिसते बघ.

ऊसतोडीच्या कुटुंबांकडं मात्र फोटोसाठी म्हणून जाऊ नकोस, ओळख झाल्यावर जा. थंडीत कुडकुडणारं पोर आणि बैल असा फोटो काढून कौतुक मिळवणं सोपं आहे. ती माणसं दया मागायला बीडहून आलेली नाहीत, कामाला आलेली आहेत. हंगाम संपून परत निघताना गाडीवर सगळा संसार चढवून, बैलांना सजवून जी माणसं हसत निघतात, त्यांना विचार, फोटो हवाय का. हवा म्हणाले तर काढ आणि निघायच्या आत छापून हातात दे.

घरातल्या प्रसंगांचं थोडक्यात सांगते. लग्नाच्या दिवशी गर्दी, बँड, फटाके म्हणून कुत्र्याला मागच्या खोलीत कोंडतात आणि पाठवणीच्या घाईत नवरी त्याला भेटायचीच राहून जाते. आदल्या दिवशी तिला विचार, उद्या निघताना कुणाकुणाला भेटायचंय? ती आजीचं नाव घेईल आणि मग जरा थांबून कुत्र्याचं किंवा गाईचं घेईल. बँड वाजायच्या आधी तिला मागच्या दारानं घेऊन जा. करवलीलासुद्धा बरोबर येऊ देऊ नकोस.

बाळ आणि कुत्रा यांचा एकत्र फोटो आता सगळ्या घरांना हवा असतो. बारशाच्या दिवशी तो काढायचा नाही, त्या दिवशी घर माणसांनी फुललेलं असतं आणि कुत्रा आधीच बावरलेला असतो. सव्वा महिना होऊन जाऊ दे, एखादी निवांत दुपार बघ. बाळ आईच्या मांडीवर, कुत्र्याच्या पट्ट्याला घरातल्या मोठ्या माणसाचा हात, आणि कुत्र्यानं आपणहून येऊन बाळाचे पाय हुंगले तर तो फोटो. नाही हुंगले तर नाही. तो सारखे ओठ चाटतोय, विनाकारण जांभया देतोय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, अंग ताठ धरलंय, यातलं काहीही दिसलं की थांब. कौतुकानं बघणाऱ्यांना ती जांभई गोड वाटते, पण बहुतेक वेळा ती घाबरल्याची खूण असते. 'पाळण्यात झोपव ना त्याला बाळाशेजारी' असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हण. इंटरनेटवर दिसणारे तसले फोटो पुष्कळदा दोन वेगळे फोटो जोडून केलेले असतात, हे त्यांना सांग.

आता सगळ्यात अवघड. म्हाताऱ्या कुत्र्याच्या शेवटच्या दिवसांत तुला बोलावतील. तेव्हा फोनवरच चार गोष्टी विचारून घे. त्याला दिसतं का, ऐकू येतं का, कुठल्या पायात दुखतं, दिवसातल्या कुठल्या वेळी तो बरा असतो. मोतीबिंदू झालेल्या, बहिऱ्या कुत्र्याजवळ जाताना जमिनीवर हलकेच हात थोपट, त्याला धक्क्यावरून कळतं. गुळगुळीत फरशीवर त्याला उभं करू नकोस, पाय घसरतात आणि तो लाजल्यासारखा बसतो. चादर किंवा सतरंजी अंथरायला सांग. त्याची रोजची जागा, झिजलेलं पोतं, दारावर नखांनी उमटलेले ओरखडे, पांढरी झालेली हनुवटी, कानामागची ती जागा जिथं खाजवलं की मागचा पाय आपोआप हलतो, हे सगळं घे. घरातल्या लहान मुलाच्या हातात थोडा वेळ कॅमेरा दे. तू कितीही चांगली असलीस तरी तो कुत्रा तुझ्याकडं त्या नजरेनं बघणार नाही, ज्या नजरेनं तो त्या पोराकडं बघतो.

डॉक्टर घरी येऊन त्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन देणार असतील तर तुला आधी माहिती हवी. बहुधा आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. मृत्यूनंतरही डोळे बऱ्याचदा उघडेच राहतात, एखादा श्वास घेतल्यासारखं अंग हलू शकतं. घरच्यांना हे ठाऊक नसतं आणि ते हादरतात. तूही हादरलीस तर त्यांना सावरणार कोण? माझं मत विचारशील तर गुंगी चढायला लागली की कॅमेरा खाली ठेव. घरच्यांनी आधी स्पष्ट सांगितलं असेल तरच पुढं काढ, आणि तेव्हाही हातच घे, चेहरे नको. त्यांना आत्ता वाटतं सगळं हवंय, नंतर त्यातले काही फोटो त्यांना बघवत नाहीत. ते वेगळ्या पाकिटात ठेवून दे आणि 'मागाल तेव्हा देईन' एवढंच सांग.

मघाशी म्हटलं ना, भावनासुद्धा चढवायच्या नाहीत, ते जरा उलगडून सांगते. २०२५ च्या जुलैअखेरीस नांदणी मठाची महादेवी हत्तीण, सगळे जिला माधुरीही म्हणतात, न्यायालयाच्या आदेशानं जामनगरला वनतारा या प्राणी-संगोपन केंद्रात नेली. १९९२ पासून ती मठात होती. आपल्यापासून नांदणी काही लांब नाही, तिला नेलं त्या रात्रीचे तिथले फोटो तुझ्याही फोनवर आले असतील. रडणाऱ्या बाया, सोंडेला हात लावणारी म्हातारी माणसं. कितीतरी फोटोंखाली लिहिलं होतं, हत्तीण रडतेय. अगं, डोळ्यातलं पाणी नाकात वाहून नेणारी नळीच हत्तीला नसते, त्यामुळे ते एरवीही गालावर ओघळत असतं. त्या ओघळावरून तिच्या मनात काय होतं हे कुणीच सांगू शकत नाही. तिच्या पायांची, तब्येतीची काळजी हाही त्या खटल्यातला मुद्दा होता, आणि गावाचा तिच्यावरचा जीवही खोटा नव्हता. माणसांचे अश्रू खरे होते, ते पूर्ण मान देऊन टिपावेत. हत्तिणीचा डोळा नुसता डोळा म्हणून टिपावा. फोटोखाली आपण जे लिहितो त्यावर लोक विश्वास ठेवतात आणि भांडतात, म्हणून तिथं शब्द जपून टाक.

पुराचंही तसंच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. जनावरं सोडून येणार नाही म्हणून कितीतरी माणसं पाण्यात घरीच थांबली होती. पुन्हा तशी वेळ येऊ नये, पण आलीच, तर आधी दोराला हात लाव आणि नंतर कॅमेऱ्याला. जे फोटो काढशील ते पाणी उतरल्यावर त्या घरी नेऊन दे. त्या पुरात कित्येकांचे जुने अल्बम चिखल होऊन गेले. पुरानंतरचा पहिला फोटो त्यांच्या घरात तुझ्या हातून गेला तर किती चांगलं.

हेमलकशाच्या आमटे कुटुंबाचे फोटो बघून काही लोक तुझ्याकडं वेगळ्याच मागण्या घेऊन येतील. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे, त्यांची मुलं, अंगाखांद्यावर खेळणारा बिबट्या, असे फोटो आपण सगळ्यांनी बघितलेत. पण ती जनावरं हौसेनं आणलेली नव्हती. १९७३ साली भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि शिकारीत आई गेलेली पिल्लं तिथं येत गेली. तिथल्या माडिया आदिवासींना पोट भरण्यासाठी पर्यायी अन्न देऊन त्यांच्याकडून ती पिल्लं घेतली, वाढवली. तो सगळा इतिहास त्या फोटोंच्या पाठीमागं आहे. तो नसताना नुसता देखावा उभा करायचा म्हणजे जनावराचे हाल. आपल्याकडं साधी गोष्ट म्हणजे पिंजऱ्यातला देशी पोपट. 'आमच्या मिठूबरोबर फॅमिली फोटो काढा' असं प्रेमानं सांगतील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पाळणं गुन्हा आहे. तू रागावू नकोस, पण फोटो काढू नकोस आणि वनखात्याला कळवून पक्षी सुपूर्द करता येतो हे समजावून सांग. म्हातारी माणसं असतील तर जास्तच हळुवारपणे सांग, त्यांचा त्या पाखरावर खरोखर जीव असतो.

पैशांचं बोलायला तू लाजतेस, म्हणून मीच बोलते. पैसे घे. गोठ्यातल्या फोटोंचे, कुत्र्याच्या फोटोंचे, सगळ्याचे घे, तुझा दिवस जातो त्यात. फक्त दर आधी ठरव आणि शेवटच्या दिवसांतल्या कामांना त्या दिवशी पैशांचा विषय काढू नकोस. नंतर सवडीनं मिळतात. नाही मिळाले तर त्या एका प्रकारच्या कामात सोडून दे. आणि नुसता पेनड्राइव्ह देऊ नकोस गं. एक तरी चांगली मोठी प्रत छापून, काचेत बसवून दे. फोनमधले फोटो फोनबरोबर जातात. छापलेला फोटो देवघराजवळ लागतो, पाहुण्यांना दाखवला जातो. प्रतीच्या मागं पेन्सिलीनं माणसांची नावं लिही आणि जनावराचंही लिही, सर्जा, राजा, चंद्री, मोत्या, जे असेल ते. पोरं मोठी झाल्यावर नावं विचारतात आणि तेव्हा सांगणारं कुणी उरलेलं नसतं. मुलांचे फोटो तुझ्या पेजवर टाकायचे असतील तर आई-बापांना विचारल्याशिवाय टाकू नकोस, आणि दुःखातले फोटो तर टाकूच नकोस.

या वर्षी बेंदराला तुझ्या हातात दुसरं काम नसेल तर आदल्या दुपारीच इकडं ये. बुधगावच्या रस्त्याला एक घर माझ्या ओळखीचं आहे, त्यांच्याकडं अजून जोडी आहे. त्यांना मी विचारून ठेवते. माझी ८५ ची लेन्स घेऊन जा, मिरवणुकीत लांबून उपयोगी पडते. पण त्याआधी, या आठवड्यातच, सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या प्रतिबंधक लसीची चौकशी कर आणि ती घेऊन टाक. कुठलं कुत्रं, मांजर चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, आधी लस घेतलेली असली तरी. लस घेतलीस की मला मेसेज कर.